दोन श्वासांची जागा

"टिटवे, ठरव आता. एक उचल आणि घरी चल. माझ्या पोटात कावळे कोकलायला लागलेत," डबा म्हणाला.

डब्याच्या पोटातले कावळे दिवसभर कोकलत, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. टिटवी क्लबच्या कपाटासमोर मांडी ठोकून बसली होती आणि तिच्यासमोर फरशीवर जुने वायरलेस सेट ओळीने मांडले होते. ज्यांवर ऐकताही येतं आणि बोलताही येतं, असे सेट. हौशी रेडिओवाल्यांच्या या क्लबात एक छान रीत होती. जो कुणी परीक्षा पास होऊन परवाना मिळवेल, त्याने सभासदांनी दिलेल्या जुन्या सेटांमधला एक निवडायचा, घरी न्यायचा आणि स्वतःचं स्टेशन उभारायचं. टिटवीने सुट्टी लागायच्या आधीच परीक्षा दिली होती आणि मोठमोठ्या काकांच्या बरोबरीने पास झाली होती. तिच्या गच्चीवर अँटेनाची तार ताणून तयार होती. तारेच्या खालच्या टोकाला काय जोडायचं, एवढंच ठरत नव्हतं.

ती बोलायला लागली की थांबत नसे, म्हणून तिचं नाव टिटवी पडलं होतं. डबा तिचा मावसभाऊ, सुट्टीला आलेला. शाळेत दुसऱ्या तासालाच डबा फस्त करणारा, म्हणून डबा. आणि टिटवीची धाकटी बहीण शेपूट. ताई जिथे जाईल तिथे ही मागोमाग, तेव्हा दुसरं नाव सुचणार तरी काय? आत्ता शेपूट पालथी पडून कपाटाच्या खाली डोकावत होती आणि तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

एवढी बडबडी मुलगी, पण टिटवीच्या मनात एक खंत होती. गेली कितीतरी वर्षं ती दुपारी सगळे पेंगायला लागले की छोटा रेडिओ कानाशी घेऊन पडे आणि दूरदूरचे आवाज ऐके. कुणी परक्या भाषेत हसे, कुणी बोटीवरून हवा कशी आहे ते सांगे. तिने जगाला पुष्कळ ऐकलं होतं. जगाने मात्र तिला एकदाही ऐकलं नव्हतं. लांबून कुणीतरी आपली हाक ऐकावी आणि उलट हाक द्यावी, एवढंच तिला हवं होतं. म्हणून निवड चुकून चालणार नव्हतं.

अध्यक्षकाकांना मात्र निवडण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ते विमा कंपनीत मोठे साहेब होते आणि नेहमी असे बोलत की जणू त्यांची गाडी सुटतेय. त्यांनी निळे आकडे चमकणारा, भरपूर बटणांचा सेट पुढे सरकवला. हा अगदी अलीकडचा आहे, म्हणाले. यात काही दाबायलाही लागत नाही, तोंड उघडलं की आवाज आपोआप हवेत जातो. आम्ही सगळ्यांनी आता असेच घेतलेत.

"ताई, इथे खाली एक बिचारा आहे," शेपूटचा आवाज कपाटाखालून आला.

तिघांनी मिळून तो बाहेर ओढला. करड्या रंगाचा, ट्रंकेएवढा, चांगलाच जड सेट होता. डायलची काच जुनी, पण लख्ख पुसलेली. काचेवर एका ठिकाणी नखं रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका होता. आणि ऐकण्याकडून बोलण्याकडे वळवायची जी दांडी होती, तिला कुणीतरी लोकर गुंडाळून जाडजूड मूठ केली होती.

"तो गेलेला आहे," अध्यक्षकाका म्हणाले. "मी स्वतः तपासलाय. बटण दाबलं, तर हूं नाही की चूं नाही. शनिवारी खोलायचा आणि सुटे भाग सभासदांत वाटून टाकायचे."

टिटवीने डायल फिरवून पाहिली. ती लोण्यात फिरावी तशी फिरली. एवढी जपलेली वस्तू अशी पटकन कशी जाईल, असं तिला वाटलं. तिने शनिवारपर्यंत तो घरी न्यायची परवानगी मागितली. काका हसले. खेळायचा असेल तर न्या म्हणाले, पण शनिवारी सकाळच्या हजेरीआधी परत हवा, आणि झाकण उघडायचं नाही, आत विजेचा जोरदार झटका असतो. हजेरी म्हणजे काय, ते टिटवीला माहीत होतं. क्लबचे सगळे सभासद रोज सकाळी आपापल्या घरून एकाच फ्रिक्वेन्सीवर जमत आणि एकमेकांची विचारपूस करत.

सेट डब्याच्या सायकलवरून घरी आला. म्हणजे सेट सायकलवर आणि डबा पायी, घामाघूम. खिडकीजवळच्या इस्त्रीच्या टेबलावर त्यांनी तो ठेवला, अँटेना जोडली आणि बटण फिरवलं.

काही झालं नाही.

डबा म्हणाला की काकांचं बरोबर होतं, आणि स्वयंपाकघरात निघून गेला. टिटवीही हिरमुसली. शेपूट मात्र सेटच्या मागच्या जाळीला नाक लावून बसली होती. काही वेळाने ती हळूच म्हणाली, "ताई, आत कुणीतरी दिवे लावतंय."

टिटवीने वाकून पाहिलं. जाळीच्या आड काचेच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जुन्या रेडिओतल्या दिव्यांसारख्या नळ्यांमध्ये, नारिंगी ठिणग्या उमटत होत्या, आधी एक, मग तिच्याशेजारी दुसरी. तापलेल्या धुळीचा उबदार वास आला. आतून गुणगुण सुरू झाली, इतकी बारीक की ती सेटची की आपल्याच कानातली हे कळेना. मग ती गुणगुण मोठी झाली आणि तिच्यातून एक आवाज वर आला. कुणीतरी बाई कुठल्यातरी भाषेत काहीतरी शांतपणे सांगत होती.

टिटवीने डायल केसभर फिरवली. बाई विरघळली आणि तिच्या जागी लांबलचक शीळ आली, मग टक टक टक, मग कुणाचातरी खोकला. खोकला किती दूरचा होता कोण जाणे. खिडकीतून ऊन टेबलावर उतरत होतं, पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर करत होता आणि त्या करड्या पेटीतून सगळं जग झोपेत बोलल्यासारखं बोलत होतं. चकचकीत सेटवर आवाज धारदार ऐकू येत, पण असे नाही. इथे ते जवळ येऊन बसत. डबा पाव खात दारात आला आणि तिथेच खाली बसून राहिला. त्या दुपारी तिघांपैकी कुणीही फारसं काही बोललं नाही, आणि त्यात टिटवीही होती, हे मुद्दाम सांगायला हवं.

काकांचं काय चुकलं ते आता उघडच होतं. या सेटला जागं व्हायला वेळ लागतो. काकांनी बटण दाबलं असणार, घड्याळ पाहिलं असणार आणि कपाळाला आठी घालून बटण बंद केलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवीने काटा त्या लाल ठिपक्यावर आणला आणि चक्क हजेरीच ऐकू आली. अध्यक्षकाका सगळ्यांना सांगत होते की त्यांची कंबर आता बरी आहे. त्यांच्यामागून डॉक्टरकाका, त्यांच्यामागून बँकवाले काका. तिने लोकरीची मूठ धरून दांडी वळवली, दांडी खट् वाजली, आणि तिने आपलं कॉलसाइन सांगितलं, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं आकाशातलं नाव. मग दांडी परत वळवली. बँकवाले काका कुंडीतल्या रोपांविषयी बोलत होते. तिने परत हाक दिली. रोपं संपून टायर सुरू झाले होते. हजेरी आटोपेपर्यंत ती हाका मारत राहिली आणि कुणीही ओ दिली नाही.

त्या दिवशी ती जेवली नाही. तिला वाटलं, याचे कान शाबूत आहेत पण तोंड गेलंय. मग हा आपल्या काय कामाचा?

"तोंड गेलंय का ते बघू ना," डबा म्हणाला. जेवणाच्या वेळा सोडल्या तर त्याचं डोकं उत्तम चाले. तो टिटवीचा छोटा रेडिओ घेऊन सायकलवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी जाणार होता. टिटवीने हजेरीपासून दूर, मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर काहीतरी बोलायचं. त्याला ऐकू आलं तर तो परत येऊन काय ऐकलं ते सांगणार.

डबा पोचला असेल असं वाटल्यावर टिटवीने दांडी वळवली. काय बोलावं ते तिला आयत्या वेळी सुचेना. शेवटी ती म्हणाली, "डब्या, तुझ्या बॅगेत तळाशी लपवलेला बिस्किटांचा पुडा शेपूटला सापडलाय आणि ती तो संपवतेय."

मग दोघी खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. रस्ता दुपारच्या उन्हात निपचित पडला होता. थोड्या वेळाने वळणावर धूळ उडाली आणि सायकलवर उभा राहून पायडल मारणारा डबा दिसला. तो घरात शिरला तो थेट बॅगेकडे. पुडा जागच्या जागी होता. तो कवटाळूनच त्याने मान वर केली, आणि दोघी पोट धरून का हसताहेत ते त्याच्या ध्यानात आलं.

म्हणजे सेटला तोंडही होतं, आणि ते गावाच्या पार टोकापर्यंत पोचत होतं. मग हजेरीत त्याला कुणी का ऐकत नव्हतं?

पुढच्या सकाळी टिटवी हाका मारत असताना शेपूट छोटा रेडिओ घेऊन गॅलरीत बसली होती. तिचं सगळं लक्ष त्या काकांच्या बोलण्यात. मधूनच ती तोंड उघडून आतल्या आत "मी" असं म्हणायचा प्रयत्न करी आणि दर वेळी तिचं "मी" पुढच्या काकांच्या पहिल्या शब्दावर आपटे. ती तणतणत आत आली. "त्यांच्यात शिरताच येत नाही," ती म्हणाली. "शाळेतल्या मोठ्या मुली दोरी फिरवतात ना, इतकी जोरात की आपल्याला उडी मारायला आत जाताच येत नाही, तसं आहे."

मग टिटवीने स्वतः कान देऊन ऐकलं. खरंच, एका काकांचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत होतं. त्यांचे सेट नवे. तोंड उघडलं की आवाज हवेत. इकडे हिला दांडी वळवायची, खट् होऊ द्यायचं, मग बोलायचं. तोवर तिकडे कुणीतरी सुरू झालेलं असे. आणि सेट बोलायला लागला की त्याचे कान बंद होतात, हे तर तिने परीक्षेतच लिहिलं होतं. जो बोलतोय त्याला ती ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि बाकीच्यांना त्याच्या मोठ्या आवाजाखाली तिचा आवाज कळत नव्हता. त्यांना वाटत असणार, कुठेतरी थोडी खरखर होतेय.

"सगळे मिळून गप्पा मारतात आणि ऐकत कुणीच नाही," डबा म्हणाला. "आमच्या घरी जेवताना असंच असतं."

आता काकांना सांगायचं, सेट चालतो म्हणायचं, आणि हाच मला द्या म्हणायचं. टिटवीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. तेवढ्यात आई इस्त्री न्यायला आत आली. आई फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेल्या हातापायांना परत हलायला शिकवणं हे तिचं काम. तिची नजर दांडीवर गेली आणि ती थबकली. ती लोकर तिचीच होती. ज्यांची बोटं मिटत नाहीत त्यांच्या चमच्यांना, किल्ल्यांना ती अशा जाड मुठी करून देई. ही जांभळी लोकर तिने एकाच बाईंना दिली होती. तारवाल्या आजींना.

तारवाल्या आजी बाजाराच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. पूर्वी त्या बंदराच्या वायरलेस केंद्रात बोटींच्या तारा घेत, म्हणून हे नाव. मुलं लगेच तिथे गेली, तेव्हा दार उघडायला आजींना वेळ लागला. मुलांनी कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, "कसा आहे तो?" घरातून गेलेल्या माणसाची चौकशी करावी तसं.

त्यांच्या खोलीत खिडकीशी एक रिकामं टेबल होतं. टेबलावर सेटच्या चार पायांचे चार फिकट डाग होते आणि शेजारी अँटेनाची तार गुंडाळी करून टांगलेली. आजींनी मुलांना बसवलं आणि त्या बोलू लागल्या. हळू बोलत, मधे थांबत, पण ऐकत राहावंसं वाटे. वादळात सापडलेल्या बोटींचे आवाज ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. नोकरी संपली, मग गुडघे गेले, जिने उतरणं बंद झालं. उरली ती सकाळची हजेरी. काचेवरचा लाल ठिपका त्यासाठीच, डोळ्यांना आकडे दिसेनासे झाल्यावर लावलेला. पण हल्ली काही महिने कुणी ओ देईनासं झालं. त्या रोज हाक मारत आणि कुणी उत्तर देत नसे.

"आधी वाटलं अँटेना बिघडली," आजी म्हणाल्या. "मग वाटलं, ऐकू येत असेल त्यांना, पण आता मी नकोशी झाले असेन. म्हातारं माणूस, सावकाश बोलतं, कोण थांबणार? मग मीच फोन करून सांगितलं, सेट घेऊन जा. तर अध्यक्ष म्हणाले सेटच गेलेला आहे. खरं सांगू? मला हायसं वाटलं ग. म्हटलं, चला, यंत्र गेलं. माणसांनी टाकलं नव्हतं."

पाणी हवंय असं काहीतरी पुटपुटून टिटवी जिन्यात आली. डबा तिच्या मागोमाग.

डबा कुजबुजला की काही बोलायचं कारण नाही. आजींना वाटतंय सेट गेला, आणि त्यातच त्यांना बरं वाटतंय. शनिवारी काकांना सेट चालवून दाखवायचा. तुझं स्टेशन होईल, सेटही वाचेल, सगळं मार्गी लागेल. टिटवीला ते पटावं असं फार फार वाटत होतं. तो सेट तिचा झालाच होता. तिने सगळ्या दुपारी त्याच्याशेजारी काढल्या होत्या. त्याचा उबदार वास तिच्या फ्रॉकला लागला होता. तिला रडू आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. मग तिने डोळे पुसले आणि आत गेली.

"आजी, तुमचा सेट जिवंत आहे," ती म्हणाली. "आणि माणसांनीही तुम्हाला टाकलेलं नाही. ते फक्त थांबत नाहीत."

मग तिने सगळं सांगितलं, व्हॉल्व्ह तापण्यापासून दोरीच्या उड्यांपर्यंत. आजी खिडकीबाहेर पाहत होत्या. तसंच पाहत त्या म्हणाल्या की बंदरावर त्यांना पहिल्या दिवशी हाच धडा मिळाला होता. आपलं बोलणं संपलं की दोन श्वास गप्प राहायचं. जो सर्वांत लांब आहे, ज्याचा आवाज सर्वांत बारीक आहे, त्याची ती जागा. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं काम त्या दोन श्वासांत झालं होतं.

"सेट आजच परत आणतो," टिटवी म्हणाली. "फक्त उद्या हजेरीच्या आधी तो तापवून तयार ठेवा. आणि शांतता झाली की बोला."

शनिवारी सकाळी क्लबात अध्यक्षकाकांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पेचकस मांडून ठेवले होते. मुलं रिकाम्या हातांनी आलेली पाहून त्यांनी भुवया चढवल्या. टिटवीने सांगितलं की सेट कुठे आहे ते हजेरीतच कळेल, आणि त्याआधी एक विनंती आहे. त्या चकचकीत सेटवरून तिला सगळ्यांशी पहिल्यांदा बोलायचं होतं. काका एकदम खूश झाले. शेवटी पोरीला शहाणपण सुचलं, असा त्यांचा चेहरा झाला.

हजेरी सुरू झाल्यावर त्यांनी मोठ्या अभिमानाने जाहीर केलं की आज क्लबच्या सर्वांत लहान सभासद बोलणार आहेत. माइक टिटवीपुढे आला. या सेटवर तिचा आवाज सगळीकडे ठणठणीत पोचत होता. तिने आपलं कॉलसाइन सांगितलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "मला तुम्हाला एक ऐकवायचं आहे."

आणि ती गप्प झाली.

लहान मुलगी आहे, घाबरली असेल, असं प्रत्येकाला वाटलं. डॉक्टरकाका थांबले. बँकवाले काका थांबले. पोरीला आठवू दे म्हणून सगळे आपापल्या घरी मायेने श्वास रोखून बसले. अध्यक्षकाका मात्र तिला धीर द्यायला पुढे झुकले. त्यांनी चकार शब्द काढला असता तरी तो आपोआप हवेत गेला असता आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. पण डब्याचं लक्ष होतं. त्याने अख्खी दोन बिस्किटं काकांपुढे अशी अदबीने धरली की त्यांनी ती घेतली आणि भिडेखातर तोंडात टाकली. डब्याने आयुष्यात केलेला हा सर्वांत मोठा त्याग होता.

स्पीकरमधून नुसती सूं सूं येत होती. सकाळच्या त्या तासाला ती सूं सूं कुणी कधी ऐकलीच नव्हती. कान देऊन ऐकलं तर तिच्यात खोली होती. दूर कुठेतरी पाऊस पडत असावा तशी ती कमीजास्त होत होती. शेपूटने ताईचा हात घट्ट धरला. आणि मग त्या सूं सूंच्या तळातून खट् असा बारीकसा आवाज आला, आणि त्यामागून एक शांत, सावकाश आवाज. आवाजाने एक जुनं कॉलसाइन एकेक अक्षर करत उच्चारलं.

"हजर," तो म्हणाला.

काकांचं चावणं थांबलं. त्यांनी घास कसाबसा गिळला. "आजी? अहो, सेट देण्याआधी इतके महिने तुम्ही होता कुठे?"

दोन श्वास काहीच नाही.

"इथेच होते," आजी म्हणाल्या. "रोज हाक मारत होते."

पहिल्यांदाच असं झालं की हजेरीत कुणी कुणाच्या वाक्यावर वाक्य टाकलं नाही. मग डॉक्टरकाकांनी नमस्कार केला, आणि थांबले. बँकवाल्या काकांनी गुडघ्यांची चौकशी केली, आणि तेही थांबले. अध्यक्षकाकांनी चष्मा काढून पुसला. मुलांकडून त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पेचकस गोळा करून खणात टाकले. मग माइक ओढून घेतला आणि सांगितलं की सेट गेलेला नव्हता, तपासणाऱ्याला थांबता आलं नव्हतं, आणि तो तपासणारा मी. आजपासून प्रत्येकाने बोलून झालं की दोन श्वास गप्प राहायचं. क्लबला ही गोष्ट तीन मुलांनी शिकवली आणि त्यातली एक अजून दोरीच्या उड्या मारते, असंही त्यांनी सांगितलं. शेपूट लाजून टिटवीच्या पाठीमागे दडली.

तेवढ्यात आजींचा आवाज परत आला. त्यांना टिटवीशी बोलायचं होतं.

"मुली, काल तू घरी गेल्यापासून विचार करतेय. सेट तूच घेऊन जा. माझं आता किती राहिलंय? तुझ्याकडे तो मजेत राहील. आज त्यांनी मला ऐकलं, मला सगळं मिळालं."

खोलीतले सगळे टिटवीकडे पाहू लागले. डबा तर आत्ताच सायकल काढायच्या बेतात होता. टिटवीच्या डोळ्यांसमोर ते इस्त्रीचं टेबल आलं, ते ऊन, त्या नारिंगी ठिणग्या. तिला तो सेट अजूनही हवा होता, आणि तो आजी देत होत्या, मनापासून देत होत्या. तिने माइक जवळ घेतला.

"आजी, सेट मी आणला तर बोलू कुणाशी?"

ती थांबली. पलीकडे खट् झालं. आजींचा आवाज भिजलेला होता. त्यांनी अध्यक्षांना सांगितलं की क्लबात इतकी माणसं आली आणि गेली, पण ही पोरगी खरी वायरलेसवाली आहे. मग त्यांनी टिटवीला विचारलं की कपाटात आणखी काय काय आहे. एकेकाची डायल फिरवून सांग, म्हणाल्या, घाई नाही, अख्खा दिवस पडलाय.

टिटवी माइक घेऊन फरशीवर मांडी घालून बसली. डबा एकेक सेट उचलून तिच्यापुढे आणू लागला आणि अध्यक्षकाकांनी, कुणी न सांगता, त्यांची धूळ पुसायला घेतली.